दीड वर्षाची गाडी, तीन वर्षांची फाईल

चेन्नईत पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने 2018 मध्ये एक अक्षम्य गोष्ट केली. परदेशी तंत्रज्ञानाचे हस्तांतरण न घेता, वेगळे इंजिन न लागणारी सोळा डब्यांची ‘ट्रेन 18’ तिने जेमतेम दीड वर्षात उभी केली. चाचणीत ती ताशी 180 किलोमीटरला पोचली. सरकारी खात्याला एवढा वेग सोसणार कसा? निविदेवरून दक्षता चौकशी लागली. यांत्रिकी आणि विद्युत विभागांची भाऊबंदकी जुनीच. गाडी धावते की नाही यापेक्षा तिच्या कागदावर सही कोणाची, हा प्रश्न मोठा. (रुळांना अजून आपले केडर माहीत नाही, म्हणून बरे.)

2019 मध्ये ‘ट्रेन 18’ला ‘वंदे भारत’ हे नाव मिळाले आणि अशा दोन गाड्या धावल्या. तिसरी निघाली 30 सप्टेंबर 2022 ला! मधल्या काळात टाळेबंदी आली, निविदा रद्द झाली आणि चौकशीतले अधिकारी निर्दोषही ठरले. नवकल्पना मात्र थांबली नव्हती. डिसेंबर 2019 मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करायला मंजुरी दिली. मग अभियंते कमी पडतील असे लक्षात आले आणि रेल्वेच्या भरतीसाठी बंद केलेला अभियांत्रिकी सेवा परीक्षेचा मार्ग 2024 मध्ये पुन्हा उघडला.