तीन मीटर स्वातंत्र्य

अमेरिकेत स्वतःचं रेडिओ केंद्र काढायला परवाना लागत नाही. अर्ज नको, फी नको, साहेबाच्या दारात ताटकळणं नको. अट एवढीच, की ते कुणाला फारसं ऐकू जाता कामा नये.

थट्टा नाही. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या नियमावलीत ‘भाग १५’ आहे. ५१० ते १७०५ किलोहर्ट्झ या एएमच्या पट्ट्यात खुशाल बोला, असं तो म्हणतो. फक्त प्रक्षेपकाच्या शेवटच्या टप्प्याला मिळणारी शक्ती १०० मिलिवॅटच्या वर जाऊ देऊ नका. तिथली बडी एएम केंद्रं ५० हजार वॅटनं गर्जतात. म्हणजे तुमच्या पाच लाख पट.

खरी मेख तारेत आहे. अँटेना, तिच्यापर्यंत जाणारी तार आणि अर्थिंगची तार, सगळं मिळून ३ मीटर. आता १००० किलोहर्ट्झची लहर असते ३०० मीटर लांब. एवढीशी तार तिला देणं म्हणजे हंड्यात म्हैस डुंबवणं. हौशी लोक यावरही तोड काढतात. अँटेना गच्चीवर चढवायची, अर्थिंग लोखंडी खांबाला जोडायचं आणि वर म्हणायचं, आमची तार तीनच मीटर, खांब इमारतीचा! तपासनीस खांबही मोजतात.

एवढं पाळलंत तरी तुम्ही कुणाला अडथळा करायचा नाही आणि इतरांचा निमूट सोसायचा. मोबाइलच्या चार्जरनं, एलईडीच्या दिव्यानं तुमचा आवाज गिळला तरी तक्रारीला जागा नाही.   आणि मर्यादा ओलांडून चोरटं केंद्र चालवलंत, तर २०२० च्या कायद्यानं त्या वर्षी दंड ठरवला होता दिवसाला एक लाख डॉलरपर्यंत, एकूण वीस लाखांपर्यंत.

हसण्याआधी घरात पाहू. लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच सांगितलं. मालकिणीला एएमवर आजही प्रवेश नाही. तिथे एकटी आकाशवाणी. सामुदायिक रेडिओ मिळतो, पण एफएमवर आणि रीतसर परवान्यानं. अमेरिकेचं स्वातंत्र्य तीन मीटर का होईना, टेपनं मोजता तरी येतं.

तिकडच्या मराठी मंडळींना यात संधी आहे. विकायचे नसलेले, तयार किटवरून न जुळवलेले, स्वतःच्या वापराचे पाच प्रक्षेपक घरी बनवायला यंत्राची सरकारी मंजुरी लागत नाही. मर्यादा अर्थातच त्याच. गणपतीची आरती शेजारच्या दोन-चार घरांत नक्की पोचेल. फक्त टेप आधी अर्थिंगच्या तारेला लावा.