उसनी चाकं

पुण्याकडे निघालेल्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि तिचा चढ ३७ फुटांना १ फूट. त्यामुळे मागून ढकलण्यात या तालुक्याला कधी कमीपणा वाटला नाही. मात्र ढकलायचं तर खाली चाकं लागतात. जुनी गाडी नवी करायला काढलेल्या हौशी माणसाला हे आठवतं ते चारही रिम सँडब्लास्टिंगला पाठवल्यावर.

असाच एक हौशी मुंबईकर आणि कर्जतच्या फार्महाऊसवरची त्याची विलीज जीप. गो डेव्हिल इंजिन, ६० घोड्यांची ताकद, आणि बाईसाहेब उभ्या कशावर, तर चार लोखंडी घोड्यांवर. डेंटर खालापूर तालुक्यात, चौकला. ट्रकवर चढवायची म्हटली तरी जीप आधी शेडबाहेर लोळली पाहिजे.

"कुठलीही चाकं चालतील हो, आठवड्यापुरती तर हवीत," मालक म्हणाले आणि गाव कामाला लागलं.

शेजाऱ्याने मारुती ८०० ची चाकं आणली. १२ इंची, चार भोकांची. जीपला पाच स्टड. "चार बसवा, एक राहू दे मोकळा," शेजाऱ्याचा तोडगा. पाच स्टडांच्या वर्तुळात चार भोकं बसत नाहीत हे त्याला पटेपर्यंत दोनदा चहा झाला. दुसऱ्याने टायरच्या बैलगाडीची जोडी देऊ केली. बैल मात्र मिळणार नव्हते.

मग कुणाला तरी ट्रॅक्टर आठवला, आणि ही सूचना दिसते तितकी अडाणी नव्हती. जीपच्या टायरचं माप ६.००-१६, आणि आपल्याकडच्या कितीतरी ट्रॅक्टरांच्या पुढच्या टायरचंही तेच. भाताच्या मुलखात हे टायर मिळायला अडचण नाही. पण टायर जुळला म्हणून रिम जुळत नाही. पत्रिका बघायची ती रिमची.

त्या पत्रिकेला मेस्त्री पीसीडी म्हणतात. सगळ्या स्टडांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा हा व्यास. चार स्टड असले तर समोरासमोर पट्टी लावून मोजता येतो. पाचांत कुणीच कुणाच्या समोर नसतं. म्हणून शेजारच्या दोन स्टडांच्या मध्यांतलं अंतर घ्यायचं आणि १.७ ने गुणायचं. जीपचं ते अंतर येतं ८२ मिलिमीटर, म्हणजे पीसीडी साडेपाच इंच, १३९.७ मिलिमीटर. हाच आकडा १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीचा, आणि परवाच्या जिम्नीचाही. रिम १५ इंची असली तरी लोळायला काय हरकत? मधलं भोक हबवरून जातंय आणि रिम ड्रमला घासत नाही, एवढं पाहिलं की झालं.

जिप्सीच्या रिम मिळाल्या. टायर टकले होते, पण हवा धरत होते. उजवी बाजू पाच मिनिटांत बसली. डाव्या बाजूला नट काही केल्या चढेना. मेस्त्रींचा तरुण मदतनीस पान्यावर उभा राहण्याच्या बेतात असताना मेस्त्री ओरडले, "अरे, उलटे आटे आहेत!" जुन्या विलीजच्या डाव्या बाजूचे नट उलटे फिरतात. धावताना ते आपोआप सैल होऊ नयेत, ही त्या काळची काळजी. ते माहीत नसलेल्याने जोर लावला की स्टड तुटतो आणि 'आठवड्यापुरती' या शब्दाचा अर्थ दिवाळीपर्यंत लांबतो.

तसाही तो लांबतोच. मूळ रिमना रंग लागून आला, तरी त्या चढत नाहीत. नव्या रंगावर ओरखडा कोण पाडणार? सरकारी नियमही मूळ चाकं चढवायची घाई लावत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची नंबरप्लेट आणली, नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये. त्या नियमाला चासी, बॉडी आणि इंजिनात फेरफार चालत नाही. चाकांची चौकशी जुन्या गाड्यांवाले मित्र करतात, आणि ते आरटीओपेक्षा कडक असतात.

तेव्हा कर्जत-खालापुरात कुणाच्या गोठ्यामागे पाच भोकांच्या रिम गंजत पडल्या असतील, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा. ८२ मिलिमीटर भरलं तर रिम विकू नका, भाड्याने द्या. आणि डिपॉझिट घ्यायला विसरू नका.