लचक पोराला, उपचार चाळीला

शिवडीच्या बीडीडी चाळीत सहा वर्षांच्या मुलाची पोटरी लचकली, की आधी गॅलरीतली गर्दी पांगवावी. पोर लगोरी खेळताना धडपडलेले असते, पण ते घरात पोहोचेपर्यंत शेजारच्या काकूंची आंबेहळद उगाळून तयार असते. एखादे काका पायाळू माणसाच्या शोधात जिना उतरू लागतात. पायाळूची लाथ पाठीतल्या उसणीसाठी असते, पोटरीसाठी नव्हे, हे त्यांना अदबीने सांगून वर बोलवावे.

मग तेलाची बाटली लपवावी. ताणलेल्या स्नायूचे तंतू आतून फाटलेले असतात. पहिले दोन दिवस रगडून चोळले किंवा शेकले तर सूज वाढते. आजीला हे पटत नाही. तिच्या हाताला काम हवे असते, म्हणून तिच्याकडे फडक्यात गुंडाळलेला बर्फ द्यावा. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरे. बर्फ घरच्या फ्रीजमधलाच घ्यावा, कोळणीच्या पाटीतल्या सुरमईखालचा मागू नये.

बर्फाचाही फार अभिमान नको. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हे सूत्र १९७८ मध्ये मांडणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे कबूल केले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांतीने भरून येणे लांबू शकते. तेव्हा बर्फ ठणका कमी होण्यापुरता. दोन दिवस उड्या बंद, नंतर दुखणार नाही इतपत चालू द्यावे. महिनाभर झोपून राहायची हौस घरातल्या दुसऱ्या कुणाला असेल तर त्याने ती भागवावी.

औषध डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेले पॅरासिटामॉल. बाबांची गोळी अर्धी मोडून देऊ नये आणि ॲस्पिरिन तर मुळीच नको. त्याने मुलांच्या यकृताला आणि मेंदूला क्वचित, पण गंभीर इजा होते.

इथे मात्र थट्टा थांबवावी लागते. वाढत्या हाडाच्या टोकाशी असलेली कूर्चेची चकती नाजूक असते, त्यामुळे लचक वाटलेले दुखणे फ्रॅक्चर निघू शकते. अगदी लहान मुलांत ते पहिल्या एक्स-रेत दिसतही नाही. पोर पाय टेकवत नसेल, दुखण्याने रात्री जागे होत असेल, तर दाखवावे. लंगडण्यासोबत ताप असेल तर सांध्यात पू झाल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. परळचे वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून तिथेच आहे. हाडवैद्याचा पत्ता विचारत फिरू नये.

श्रावणात दहीहंडीच्या पथकाची मंडळी विचारपूस करायला येतात. हलके पोर वरच्या थराला सोयीचे असते. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढू देणार नाही, असे सरकारने २०१७ मध्ये उच्च न्यायालयात सांगितलेले आहे. मंडळींना चहा द्यावा, पोर देऊ नये.