सा. न. वि. वि. मधला ‘सा.’ वगळून

मु. पो. काला पत्थर किनारा, स्वराज द्वीप (आमच्या ग्रुपसाठी अजून हॅवलॉकच), अंदमान

वाळूमाशीबाई यांस,

न. वि. वि. ‘सा.’ मुद्दाम गाळला आहे. साष्टांग घालायला आठांतलं एकही अंग आपण धड ठेवलेलं नाही.

‘बाई’ म्हणते, कारण आपल्यात रक्त फक्त बायका पितात, यजमान फुलांतल्या मधावर भागवतात, असं परत आल्यावर वाचलं. शास्त्रातली खरी वाळूमाशी वेगळीच म्हणे. आपण चिलटांच्या गोतातल्या. म्हणजे नावसुद्धा उसनं.

सूर्योदयाच्या फोटोसाठी आम्हाला पहाटे साडेचारला उठवलं. पाऊण तास मी ओल्या वाळूत पाय सोडून बसले होते. डास निदान कानाशी येऊन वर्दी तरी देतो. आपण मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या, ना आवाज ना आकार. मला वाटलं पायाला वाळूच चिकटलीय. झटकलीही नाही, समुद्राची आठवण म्हणून राहू दिली.

डास सुई तरी टोचतो. आपण कात्रीसारख्या जबड्यांनी कातडी कापता आणि साठलेलं रक्त चाटता. रात्री नणंदेने गांधी मोजल्या. डाव्या पोटरीवर 61, उजवीवर 53. गुडघ्याच्या वर मोजू दिलं नाही.

टूर मॅनेजर म्हणाला, “काकू, सँडफ्लाय. होतं.” होतं? मगरीसाठी तिथे पाटी असते, पाण्यात जाळं असतं. आपल्यासाठी साधा खडूने लिहिलेला फळा नाही! बोटीत ओकले, स्नॉर्केलिंगच्या नळीतून खारं पाणी प्याले, चपलेत शंखातला खेकडा निघाला. त्याबद्दल तक्रार नाही. खेकडा दिसतो तरी.

तक्रार सेल्युलर जेलची आहे. आणि आता ‘आपण’ पुरे.

तिसऱ्या दिवशी खाज शिगेला पोचली आणि त्याच दिवशी जेल होतं. वडील लहानपणापासून सावरकरांच्या कोठडीबद्दल सांगायचे. साडेतेरा फूट बाय साडेसात फूट, 1911 ते 1921. एकदा तिथे उभं राहायचं, हे चाळीस वर्षं मनात होतं. उभी राहिले. सगळा ग्रुप गप्प, कुणाच्या डोळ्यांत पाणी. आणि मी? म्हैस खांबाला अंग घासते तशी दाराच्या गजांना पोटरी घासत होते. लोखंड थंडगार होतं, आणि देवा, काय बरं वाटलं! मागून एक आजी नातवाला म्हणाली, “तिकडे नको जाऊ, त्या बाईंना काहीतरी झालंय.” कोठडीतलं मला काहीएक आठवत नाही. फक्त गज आठवतात. माझं रक्त पी गं, पण ती दहा मिनिटं कशाला प्यायलीस?

खाली आलो तर कोलू. एका माणसाने बैलासारखं फिरून दिवसाला 30 पौंड खोबरेल तेल काढायचं. आणि मी? हॉटेलातल्या पोऱ्याने ‘तेलात चिकटतात, मॅडम’ म्हणून सांगितल्यामुळे गुडघ्यापर्यंत खोबरेल चोपडलेली, चकाकणारी. कोलू ओढणाऱ्या कैद्याच्या पुतळ्यासमोर मी सलवार घोट्यापर्यंत खाली ओढून घेतली.

घरी येऊन तुझ्याबद्दल मिळेल ते वाचलं, शिव्या नेमक्या देता याव्यात म्हणून. तर जरा वारा सुटला की तुला उडता येत नाही. टेबलफॅन लावला तरी तू हतबल. आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं, आणि हे रक्तही तुला स्वतःसाठी नको असतं, अंडी पिकायला हवं असतं. दोन बाळंतपणं मीही केली आहेत. लोह कमी म्हणून कुणी मला असं मिळेल तिथून पिऊ दिलं असतं तर मीही प्यायले असते बहुधा.

आत्ता कांदळवनाच्या चिखलात माझ्या रक्तावर तुझी पिल्लं वाढत असतील. देशासाठी नसलं, तरी अंदमानात रक्त सांडलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच. हे यांना सांगितलं तर हे म्हणाले, “कॅलामाइन लाव आणि झोप.”

ग्रुपवर सूर्योदयाचे फोटो आलेत. सुंदर आहेत. एकातही माझा चेहरा नाही. मी खाली वाकून घोटा खाजवतेय.

कळावे. लोभ नाही, खाज आहे.