बाराव्या बरगडीचा निकाल

मी बीफ खात नाही. त्यामुळे टेक्सासात मुलाच्या शेजाऱ्याकडे बार्बेक्यूला गेलो तेव्हा माझ्या ताटलीत भाजलेलं कणीस होतं आणि तोंडात प्रश्न. खाणारे मुकाट खातात. सगळी चौकशी न खाणाऱ्याला.

यजमान बोलका निघाला. त्यांच्याकडे म्हणे सरकारी कृषी खात्याचा परीक्षक असतो. बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मधे चिरलं की जे मांस उघडं पडतं, त्यात चरबीचे पांढरे धागे किती पसरलेत ते तो बघतो, जनावराच्या वयाचा अंदाज घेतो आणि शिक्का मारतो. प्राइम, चॉइस, सिलेक्ट असं उतरत उतरत आठव्या पायरीवर कॅनर. तो थेट डब्यात. सिलेक्टला १९८७ पर्यंत ‘गुड’ म्हणत. मग नाव बदललं, मांस तेच. आपल्याकडे हे भाग्य रस्त्यांना लाभतं.

मांस खाण्याजोगं आहे की नाही, ही तपासणी सक्तीची; दर्जा ठरवून घेणं मात्र ऐच्छिक, आणि त्याचे पैसे कंपनीने भरायचे. म्हणजे फी भरून परीक्षेला बसवायचं, तेही परीक्षार्थी मेल्यावर! आणि गुण कशाला, तर चरबीला. माझ्या सोनोग्राफीत यकृताबद्दल हाच शेरा आला होता, तेव्हा घरात कोणी मला प्राइम म्हणालं नाही.

आपल्याकडे रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे उभा असलेला प्रत्येक जण परीक्षक. ‘सीना दे, गर्दन नको, दोन चापा टाक, चरबी काढ, एक नळी घाल,’ असं बजावूनही बोकड दाखवून शेळी गळ्यात मारत नाही ना, म्हणून खूण बघून घ्यायची. वजन झाल्यावर वर कलेजीचा तुकडा मागायचा. तो मिळाला तरी घरी येऊन ‘आज फसवलं’ म्हणायचं. तिथल्या सुपरमार्केटात रिबआय नि सरलॉइन प्लास्टिकमध्ये गप्प पडलेले, वर शिक्का. भांडणार कोणाशी?

त्या दिवशीचा मानकरी होता ब्रिस्केट. जनावराच्या छातीचा भाग, म्हणजे आपला सीनाच म्हणा. उभ्या जन्मात बिचाऱ्याला विश्रांती नाही, म्हणून राठ. यजमान रात्रभर जागून त्याला मंद धुरावर मऊ करत बसला होता. मी कुकरच्या सहा शिट्ट्या सुचवल्या. त्याने हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. मुलाच्या मराठी मित्राने स्टेक ‘वेल डन’ मागितला, तेही त्याला ऐकू आलं नाही.

शेवटी मी नळ्यांचं विचारलं. तो हसला आणि अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे त्याचा कुत्रा वीतभर लांबीच्या नळीशी झटत होता. चाटत होता, उलटी करत होता, आतला ऐवज काही येत नव्हता. ताटाच्या काठावर आपटायची असते रे, हे मी त्याला मराठीत सांगून पाहिलं. त्याने नळी उचलली आणि माझ्यापासून लांब जाऊन बसला.