रुळालाही थंडी वाजते

मुंबईत पारा 18 वर आला की मुलुंडच्या प्रभातफेरीत माकडटोप्या उगवतात आणि नागपूर-दिल्लीकडची मंडळी पोट धरून हसतात. सांताक्रूझच्या वेधशाळेने 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश नोंदवले, तोच आमचा विक्रम. त्यावर नागपूरकर फार तर आणखी एक चहा मागवील. तरीही या वादात मुंबईकराच्या बाजूने एक साक्षीदार उभा आहे. तो मीटरमागे 60 किलो भरतो, भावनाप्रधान नाही आणि स्वेटर विकत नाही. तो म्हणजे रेल्वेचा रूळ.

हल्ली रूळ वेल्डिंगने जोडून अखंड केलेले असतात. बसवताना त्यांत ताण राहू नये म्हणून त्या त्या प्रदेशाच्या हवामानावरून एक तापमान ठरवतात. आपल्याकडे ते चाळिशीच्या घरात, म्हणजे इथला रूळ निवांत असतो तो भर उन्हात. पहाटे तो 15 अंशांवर आला की किमान 25 अंशांची घसरण. मोकळा सोडला तर किलोमीटरभर रूळ सुमारे 29 सेंटिमीटर आखडेल. पण क्लिपांनी स्लीपरला जखडल्यामुळे आखडण्याचीही सोय नाही. म्हणून आत सुमारे 45 टनांचा ताण साठतो. धुऊन आटलेली पँट घालून पंगतीत मांडी घातली तर जे होते, तेच इथे: जिथे वेल्डिंग कच्चे, तिथे शिवण उसवते. अशा वेळी येते मालगाडी. गर्दीच्या वेळी घाटकोपर-मुलुंडच्या रुळांवर लोकलचे राज्य, त्यामुळे तिला वाट मिळते ती बहुधा रात्री. रूळ सर्वांत आखडलेला असताना सर्वांत जड पाहुणा. भरलेली एकेक वाघीण नव्वद टनांच्या आसपास. त्यात एखादे चाक चपटे झालेले असेल तर दर फेऱ्याला हातोडा. लोको पायलटला अंधारात तडा दिसत नाही. सिग्नल आपोआप लाल झाला तर नशीब, नाहीतर बसलेला हिसका वॉकीटॉकीवर कळवायचा.

यावर उत्तरेकडचे म्हणतील, थंडी आमची, धुके आमचे, सिग्नल जवळ आल्याचे सांगायला इंजिनात वेगळे यंत्र ठेवावे लागते ते आम्हाला. कबूल. कॅनडात तर पारा उणे 25 च्या खाली गेला की ब्रेकच्या नळ्यांतून हवा गळते म्हणून मालगाड्याच आखूड करतात. तो मान आम्हाला नको. आमच्या वाट्याला कसाऱ्याचा घाट पुरे: 37 ला 1 चढ, मागून ढकलायला बँकर इंजिने, आणि दवाने रूळ ओला झाला की चाके जागीच फिरतात, मग वाळू सोडा. पण मुद्दा पारा किती खाली गेला हा नाहीच. ज्याची सवय आहे तिथून तो किती घसरला, हा आहे. रूळ हेच मोजतो, माकडटोपीही हेच मोजते. रूळ उन्हाळ्यातही कुरकुरतो, वाकतोसुद्धा, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा, त्याने तो अस्सल मुंबईकर असल्याचेच सिद्ध होते.

थंडीत रात्रभर ट्रॅकमन टॉर्च घेऊन रुळांची गस्त घालतात आणि तडा सापडला की फिशप्लेट व क्लॅम्प लावून गाड्या हळूहळू सोडतात. तेव्हा जानेवारीत लोकल रखडली तर जरूर चिडा, पण दारात उभे राहून पिचकारी मारण्याआधी एकदा खाली बघा. तिथे कोणीतरी वाकून नट आवळत असतो.