मांजरीचं सभासदत्व

लंडनच्या सदर्क कॅथीड्रलमध्ये २००८ साली एक बेवारस मांजर खायला मागत आली आणि राहिलीच. नाव पडलं डोअरकिन्स मॅग्निफिकॅट. ३० सप्टेंबर २०२० ला ती गेली, तर पुढच्याच महिन्यात कॅथीड्रलमध्ये तिच्यासाठी रीतसर स्मरण-उपासना झाली. एक्झिटर कॅथीड्रलच्या हिशेबवह्यांत तर १३०५ ते १४६७ या काळात मांजरीच्या नावे तिमाही १३ पेन्स खर्ची पडलेत. उंदरांच्या बंदोबस्ताचा पगारच म्हणा ना!

आता अशीच एखादी बया आपल्या छत्रपती संभाजीनगरात, छावणीतल्या चर्चमध्ये येऊ लागली असं धरून चला. पहिल्या रविवारी पोरं खूश. दुसऱ्या रविवारी बाईसाहेब थेट पुढच्या बाकावर, जिथे एकच घराणं तीन पिढ्या बसत आलंय. झालं! उपासनेनंतर चहाबरोबर चौकशी सुरू: हिचा बाप्तिस्मा कुठला? मूळची छावणीतली की जालन्याहून आलेली? वर्गणी भरत नाही, मग कमिटीच्या निवडणुकीत मत कसं देणार? पाळकसाहेब ‘बघू’ म्हणतील. सगळ्यांत मोठा आवाज अर्थातच नाताळच्या केकपुरते उगवणाऱ्या सभासदांचा. मांजर निदान दर रविवारी वेळेवर येईल. प्रवचनात झोपेल, पण घोरणार नाही.

तक्रार खरी असेल ती खजिनदारांची. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, तेव्हा हिचे टक्क उघडे, आणि तेही दानाच्या थैलीवर.